हात बधिर होत असतील तर आधी काय बदलावे: ग्रिप, स्टेम की हँडल?

सप्रेम नमस्कार.

आपला प्रश्न माझ्या समजुतीप्रमाणे असा आहे. आपली उंची पाच फूट पाच इंच, वय बेचाळीस. गणवेशाच्या कारखान्यात आपण कटिंगचे काम करता. पुढे शॉकॲब्सॉर्बर असलेली, २७.५ इंची चाकांची माउंटन बाइक घेऊन आपण रोज सकाळी हिप्परग्याच्या तलावापर्यंत आणि रविवारी नान्नज किंवा तुळजापूरपर्यंत जाता. पाऊण तास झाला की दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि अनामिका बधिर होऊ लागतात. सध्याचे हँडल ६८० मिलिमीटर रुंद आणि स्टेम, म्हणजे हँडलला पुढच्या चाकाच्या दांड्याशी जोडणारा आखूड तुकडा, ९० मिलिमीटर लांब आहे. सोबतच्या मित्रांनी ७८० मिलिमीटरचे हँडल, ३५ मिलिमीटरचे स्टेम आणि जेलच्या जाड ग्रिप घ्यायला सांगितले आहे. हे तिन्ही एकदम घ्यावे की एकेक, आणि एकेक घ्यायचे तर कोणते आधी, असे आपण विचारले आहे.

सोलापुरात सायकलदुरुस्तीचे आणि सायकल माणसाच्या मापाला बसवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, आणि ही तक्रार घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात नव्या ग्रिपचा जोड असतो. दुखते तिथे आपण आधी हात लावतो, हे स्वाभाविक आहे. परंतु आपला खरा प्रश्न कोणता भाग विकत घ्यावा हा नाही. शरीराचा किती भार तळहातावर येतो आणि तो येतो तेव्हा मनगट कोणत्या कोनात असते, हा खरा प्रश्न आहे. हा भार सीटपासून ठरायला लागतो, हँडलची उंची आणि स्टेमची लांबी त्यात भर घालतात किंवा तो कमी करतात, आणि ग्रिप फक्त उरलेला भार तळहातावर पसरवून देते. म्हणून शेवटच्या टोकाला कितीही पैसे घातले तरी सुरुवातीचे गणित चुकलेले असेल तर गुण येत नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट, एवढीच दोन बोटे बधिर होणे ही नेमकी खूण आहे. कोपराच्या आतल्या कडेने येणारी अल्नार नावाची नस तळहातात शिरताना करंगळीच्या बाजूच्या मांसल उंचवट्याखालून, मनगटाजवळच्या एका अरुंद वाटेतून जाते. हँडलवर नेमका तोच उंचवटा दाबला जातो, आणि मनगट मागे वाकलेले असेल तर त्या नसेवर दाबाबरोबर ताणही येतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असते तर दुसऱ्या नसेचा विचार करावा लागला असता आणि माझे उत्तरही थोडे वेगळे झाले असते. आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कापडाचे थर कापताना मोठी कात्री किंवा कटिंग मशीन दिवसभर ज्या तळहाताने आपण दाबता, तोच तळहात सकाळी हँडलवर असतो, त्यामुळे त्या नसेला दिवसभरात पुरेशी उसंत मिळत नसावी. केवळ सायकलीला दोष देता येणार नाही. मात्र सायकलीकडून होणारा दाब कमी करणे आपल्या हातात आहे.

मी आपल्याला सायकलवर बसलेले पाहिलेले नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. उंची सारखी असूनही हातांची आणि धडाची लांबी वेगळी असते, कंबर किती वाकते हे वयावर आणि सवयीवर अवलंबून असते, आणि फ्रेम आपल्या मापाची आहे की दुकानात होती म्हणून मिळालेली आहे, हे मला ठाऊक नाही. त्यामुळे पुढे जे आकडे देतो ते सुरुवात करण्यासाठी धरावेत आणि अखेरचा निर्णय आपल्या हातांना देऊ द्यावा.

सुरुवात सीटपासून करावी, कारण तिला पैसे लागत नाहीत. पहाटे रस्ता मोकळा आणि सपाट असताना नेहमीच्या वेगाने पायडल मारत, बसण्याची ठेवण न बदलता, दोन्ही तळहात ग्रिपवरून क्षणभर नुसते हलके करून पाहावेत. हात पूर्ण सोडायचे नाहीत. तेवढ्यानेही धड पुढे कोसळू लागले, तर आपला भार पाठीने आणि पायांनी न पेलता हातांनी पेलला जात आहे असे समजावे. याची नेहमीची दोन कारणे असतात. पहिले, सीटचे नाक खाली झुकलेले असते. मांड्यांना टोचू नये म्हणून अनेक जण तसे करून घेतात, पण मग शरीर सतत पुढे घसरते आणि ते थोपवण्याचे काम तळहातांना करावे लागते. सीट गवंड्याच्या पाणसळीने किंवा मोबाइलमधल्या मापाने समतल करून घ्यावी. दुसरे कारण थोडे उलटे वाटेल असे आहे. हँडल लांब वाटते म्हणून लोक सीट पुढे सरकवतात. त्यामुळे अंतर कमी होते खरे, परंतु बूड पायडलच्या जवळ आल्यामुळे धडाचा तोल पुढे जातो आणि हातांवरचा भार उलट वाढतो. सीट पाच मिलिमीटर मागे घेऊन हिप्परग्याची एक फेरी करावी आणि फरक पाहावा. सीट मागे घेतल्यावर गुडघ्यांना किंवा मांडीच्या मागच्या शिरांना ताण जाणवला, तर उंची दोन-तीन मिलिमीटर कमी करावी. हँडल दूर वाटते ही अडचण स्टेमने सोडवावी, सीटने नव्हे.

यानंतर हँडलची उंची पाहावी. स्टेमच्या वर किंवा खाली फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या, नळीवर जे कडे असतात त्यांना स्पेसर म्हणतात. ते वर असतील तर स्टेमखाली घेऊन हँडल तेवढे उंच करता येते. स्टेमला सहा-सात अंशांचा कोन असेल तर ते उलटे बसवूनही उंची बदलते, आणि ९० मिलिमीटर लांबीच्या स्टेममध्ये हा फरक दोन सेंटिमीटरपर्यंत जातो. आपल्या वापराला, म्हणजे डांबरी रस्ता, थोडा मुरूम, मधूनमधून कालव्याकडेची वाट आणि तुळजापूरचा घाट, हँडल सीटच्या पातळीला किंवा तिच्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर असणे योग्य राहील. याहून फार वर नेले तर घाटात पुढचे चाक हलके पडते आणि समोरच्या वाऱ्यात अकारण दमायला होते. बार्शी रस्त्याने नान्नजकडे जाताना माळावर वारा कसा लागतो, हे आपल्याला ठाऊकच आहे.

आता स्टेमच्या लांबीकडे येतो. माझे मित्रांच्या सल्ल्याशी सर्वांत जास्त मतभेद इथेच आहेत. ३५ मिलिमीटरचे स्टेम वाईट नाही, ते वेगळ्या फ्रेमसाठी आहे. नव्वदच्या दशकात माउंटन बाइकवर साठ सेंटिमीटरच्या आसपास रुंदीचे अरुंद हँडल आणि १२० मिलिमीटर किंवा त्याहून लांब स्टेम असणे सर्रास होते. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गॅरी फिशर यांनी ‘जेनेसिस’ या नावाने जी रचना आणली, तिच्यात फ्रेमची वरची नळी लांब केली आणि स्टेम आखूड केले, म्हणजे दोन्ही बदल एकत्र केले. पुढे हीच दिशा सगळ्यांनी धरली. आजच्या उतारावर पळवायच्या सायकलींत फ्रेम पुढे चांगलीच लांब असते, फोर्क बराच तिरपा असतो, आणि म्हणूनच तिथे ३५ ते ५० मिलिमीटरचे स्टेम शोभते. आपल्या वर्णनावरून आपली सायकल त्या जातीची दिसत नाही. तिच्या निर्मात्याने ९० मिलिमीटरचे स्टेम दिले आहे, याचा अर्थ फ्रेमची लांबी आणि फोर्कचा कोन त्या स्टेमला धरून आखलेला आहे. तिथे एकदम ३५ मिलिमीटर लावले तर हँडल हलक्या हाताने इकडेतिकडे फिरू लागते, घाटात पुढचे चाक रेषा सोडते, आणि चालवणारा ते सावरण्यासाठी मूठ आणखी आवळून धरतो.

शिवाय एक हिशेब करून पाहावा. हँडल रुंद केले की हात फाकतात आणि धड तेवढे पुढे ओढले जाते. ढोबळमानाने रुंदी २० मिलिमीटर वाढली की पोहोच, म्हणजे सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर, १० मिलिमीटर वाढल्यासारखी वाटते. मित्रांच्या सल्ल्याप्रमाणे रुंदी १०० मिलिमीटर वाढेल, म्हणजे पोहोच सुमारे ५० मिलिमीटर वाढेल. स्टेम ५५ मिलिमीटर आखूड होईल. वजाबाकी केली तर उरतात अवघे पाच मिलिमीटर. म्हणजे इतका खर्च करूनही आपण जवळजवळ तेवढेच पुढे वाकलेले राहाल. त्याऐवजी ७२० मिलिमीटरचे हँडल आणि ६० मिलिमीटरचे स्टेम घेतले, तर पोहोच रुंदीने २० मिलिमीटर वाढेल आणि स्टेमने ३० मिलिमीटर घटेल. आपण थोडे सरळ बसाल आणि सायकलीचा स्वभावही फारसा बदलणार नाही. आपल्या उंचीला माझा पहिला अंदाज हाच आहे. सीट मागे घ्यावी लागली तर तेवढे अंतरही या हिशेबात धरावे.

रुंदीसाठी घरी करण्याजोगी एक चाचणी आहे. जमिनीवर डोळे मिटून जोर काढण्याच्या तयारीत हात टेकावेत, जिथे ताकद सहज वाटते तिथे ठेवावेत, आणि दोन्ही तळहातांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर घरच्यांकडून मोजून घ्यावे. हँडलची आपली रुंदी बहुतेक या आकड्याच्या आसपास निघते. आपल्या बांध्याला ती ७०० ते ७४० च्या दरम्यान असावी. अति रुंद हँडलवर कोपरे ताठ होतात, मनगटे आतल्या बाजूला मुडपतात आणि रस्त्याचा हादरा सरळ खांद्यापर्यंत जातो. आपण नवी पेठ किंवा चाटी गल्लीतून सायकल काढत असाल, किंवा ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कडेने जात असाल, तर प्रत्येक बाजूला वाढलेले पाच सेंटिमीटर हा गमतीचा विषय राहत नाही. शंका असल्यास ७४० चे हँडल घ्यावे, ग्रिप आणि लिव्हर दोन्ही बाजूंनी सारख्या आत सरकवून आठ-दहा दिवस चालवावे, आणि मग जरूर वाटली तरच टोके कापावीत. ॲल्युमिनियमचे हँडल पाइप कटरने सहज कापले जाते. कापलेले परत जोडता येत नाही, म्हणून घाई करू नये. या मधल्या काळातही उघड्या टोकांना बूच हवेच, कारण पडल्यावर उघडी नळी शरीरात घुसून गंभीर जखमा होतात.

हँडल निवडताना रुंदीइतकेच लक्ष मागच्या वळणाकडे द्यावे, पण दुकानात त्याविषयी कोणी विचारत नाही. सरळ दांड्यासारख्या हँडलवर मनगट बाहेरच्या कडेला मोडते आणि करंगळीखालचा तोच उंचवटा दाबला जातो. बहुतेक माउंटन बाइकच्या हँडलला मागे ५ ते ९ अंशांचे वळण असते. आपण ८ किंवा ९ अंशांचे मागावे. १२ आणि १६ अंशांची हँडलेही निघतात आणि मनगटाचा त्रास असणाऱ्यांना ती मानवतात, मात्र इथे ती मागवावी लागतात. त्याबरोबर २० ते ३० मिलिमीटरचा उठाव असलेले, म्हणजे मधून कडेला वर जाणारे हँडल घेतले, तर उंचीचे कामही त्यातच भागते.

जाडीच्या मापात गफलत होऊ देऊ नये. हँडल मध्यभागी जिथे स्टेममध्ये पकडले जाते तिथला व्यास २५.४, ३१.८ किंवा ३५ मिलिमीटर असतो आणि स्टेम त्याच मापाचे लागते. बारीक हँडल मोठ्या मापाच्या स्टेममध्ये योग्य शिम, म्हणजे मधली पातळ पट्टी, घालून बसवता येते, उलटे करता येत नाही. ३५ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची हँडले बहुधा जास्त ताठ असतात आणि हादरे जास्त पोहोचवतात, म्हणून हात बधिर होणाऱ्याने ३१.८ वर राहावे असे माझे मत आहे. ग्रिपची जागा मात्र सगळ्यांतच २२.२ मिलिमीटर असते, त्यामुळे ग्रिपच्या मापाची काळजी नको. स्टेमची फोर्ककडची बाजू सामान्यतः २८.६ मिलिमीटरची असते. आपल्या स्टेमच्या वर एकच उभा बोल्ट असेल आणि स्टेमची दांडी फोर्कच्या नळीच्या आत गेलेली असेल, तर ती जुनी पद्धत आहे आणि वर लिहिलेले स्पेसरचे उपाय तिथे लागू होत नाहीत. त्या प्रकारात दांडी वर ओढून उंची वाढवता येते, परंतु तिच्यावर कोरलेली किमान खोलीची रेघ बाहेर दिसता कामा नये.

इथवर आल्यावर ग्रिप. जाड आणि मऊ म्हणजे आरामाचे, हा समज मला रोज खोडून काढावा लागतो. बोटांनी मूठ वळल्यावर मधल्या दोन बोटांची टोके तळहाताला नुसती टेकतील एवढी जाडी योग्य असते. ग्रिप त्याहून जाड असेल तर पकड टिकवण्यासाठी कोपराखालचे स्नायू सतत आवळलेले राहतात, आणि बारीक असेल तर सगळा दाब एका अरुंद पट्टीवर येतो. बाजारातल्या बहुतेक ग्रिप ३० ते ३४ मिलिमीटर व्यासाच्या असतात. मध्यम हाताला ३१-३२ पासून सुरुवात करावी. जेल सुरुवातीच्या दहा मिनिटांत सुखद वाटते, पण तासाभराने ते दाबाखालून बाजूला सरकते आणि हाडाखाली पातळ थरच उरतो.

आपण मुख्यतः बसून, लांब आणि एकाच ठेवणीत सायकल चालवता, म्हणून आपल्याला बाहेरच्या टोकाला पंखासारखी चपटी पसरलेली ग्रिप उपयोगी पडेल. जर्मनीच्या एर्गॉन कंपनीमुळे हा प्रकार रुळला आणि आता बऱ्याच कंपन्या तशा ग्रिप करतात. तिचा पंख तळहाताच्या बाहेरच्या भागाला आधार देतो, मनगट खाली पडू देत नाही आणि दाब मोठ्या जागेवर वाटला जातो. परंतु हिचा फायदा पूर्णपणे तिच्या कोनावर अवलंबून आहे. सायकलवर बसून, हाताचा पुढचा भाग आणि पंजा एका रेषेत ठेवून, पंख तळहाताला जिथे आपसूक टेकतो तिथेच ती आवळावी. पंखाचा कोन चुकला तर मनगट मोडते आणि त्रास दुप्पट होतो. याच ग्रिप लावूनही हात बधिर होतो म्हणून जे परत येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या ग्रिप मी केवळ थोड्या फिरवून देतो. खडकाळ उतारावर उभे राहून, हात सतत हलवत चालवणाऱ्याने मात्र गोल ग्रिपच घ्यावी.

सोलापूरच्या उन्हाचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि कारखान्याच्या आवारात सायकल दिवसभर उन्हात उभी राहते. हलक्या प्रतीचे रबर अशा उन्हाने आणि घामाने एक-दोन उन्हाळ्यांत चिकट होते आणि हाताला काळे लागते. सिलिकॉनच्या ग्रिप ऊन चांगले सोसतात आणि बारीक हादरेही छान शोषतात, पण त्या घर्षणाने लवकर झिजतात, आणि सायकल भिंतीला टेकवायची सवय असेल तर फाटतात. रबराच्या घ्यायच्या असतील तर ज्यांना कडेला ॲलन बोल्टची कडी असते अशा घ्याव्यात. त्या फिरत नाहीत, काढता-घालता येतात, आणि कोन जुळवण्याच्या दिवसांत याचा मोठा उपयोग होतो. नुसत्या सरकवून बसवायच्या ग्रिप चढवताना तेल किंवा साबण लावू नये. दवाखान्यातले स्पिरिट किंवा पातळ सॅनिटायझर लावावा, तो उडून गेल्यावर ग्रिप घट्ट बसते.

ब्रेक लिव्हरचा कोन ग्रिपइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो बदलायला ॲलन की पुरते. बसून बोटे लिव्हरवर ठेवली असता पंजाची मागची बाजू आणि हाताचा पुढचा भाग सरळ रेषेत हवा. लिव्हर जमिनीला जवळजवळ समांतर असेल तर बोटे टेकवण्यासाठी मनगट खाली पडते. बसून चालवणाऱ्याला साधारण ३५ ते ४५ अंश खाली कललेली लिव्हर मानवते. बोटे आखूड असतील तर लिव्हरवरचा लहान स्क्रू फिरवून ती हँडलच्या जवळ आणावी.

टायरमधल्या हवेविषयी दोनच वाक्ये लिहितो. पेट्रोल पंपावर टणक होईपर्यंत हवा भरून मुरुमाच्या रस्त्यावर जाणे हेही हात बधिर होण्याचे कारण आहे. सव्वादोन इंची टायर आणि साठ-पासष्ट किलो वजन असेल तर टायरवर छापलेल्या मर्यादेत राहून ३० ते ३५ पीएसआय पुरते, आणि शॉकॲब्सॉर्बरचे लॉक चालू तर राहिलेले नाही ना, हेही पाहावे.

स्टेम आणि हँडल स्वतः बसवणार असाल तर क्रम चुकवू नये. आधी वरच्या टोपीचा बोल्ट फोर्कमधला ढिलेपणा जाईल आणि हँडल तरीही मोकळे फिरेल इतकाच आवळावा, मग स्टेम चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट आलटून-पालटून आवळावेत. फोर्कची नळी स्टेमच्या किंवा सर्वांत वरच्या स्पेसरच्या वरच्या कडेपेक्षा सुमारे तीन मिलिमीटर खाली हवी, नाहीतर टोपी नळीवरच टेकते आणि ढिलेपणा राहतो. समोरच्या झाकणाच्या वरची आणि खालची फट सारखी राहील असे चारही बोल्ट तिरक्या क्रमाने आवळावेत. जोर किती लावायचा ते स्टेमवर छापलेले असते, बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटर. ग्रिपच्या कड्यांना २ ते ३ पुरतात. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळणारा पाना, नसेल तर एवढ्या एका कामासाठी दुकानात जावे, कारण हँडल सुटण्याचा किंवा तडकण्याचा अपघात सावरता येत नाही. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. रुंदी आणि उंची वाढल्यावर ब्रेकच्या आणि गिअरच्या केबल ताणल्या जात असतील तर त्या लांब घालून घ्याव्या लागतात, आणि हा खर्च बहुतेकांच्या हिशेबात नसतो.

म्हणून आपल्या जागी मी पहिल्या आठवड्यात फक्त सीट, लिव्हर, हवा आणि स्पेसर बघेन. दुसऱ्या टप्प्यात ६० मिलिमीटरचे स्टेम घेईन. ते स्वस्त असते आणि आवडले नाही तर जुने परत लावता येते. तिसऱ्या टप्प्यात पंखाच्या ग्रिप, आणि हँडल सर्वांत शेवटी, तेही वळण आणि उठाव पाहून. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, त्याच हिप्परग्याच्या रस्त्यावर निदान चार-पाच फेऱ्या कराव्यात, आणि बधिरपणा किती मिनिटांनी सुरू झाला ते लिहून ठेवावे. पाऊण तासाचा सव्वा तास झाला तरी दिशा बरोबर आहे असे समजावे. चालवताना दर दहा मिनिटांनी हातांची जागा बदलणे आणि कोपरे किंचित वाकलेली ठेवणे, हे तर आजपासूनच सुरू करता येईल.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नये. सायकलवरून उतरल्यानंतर काही वेळात मुंग्या जात असतील तर वरचे उपाय पुरेसे आहेत. पण बधिरपणा दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळीही राहत असेल, कात्रीची पकड सैल पडत असेल, किंवा बोटे एकमेकांपासून फाकवताना जोर कमी वाटत असेल, तर काही दिवस सायकल पूर्ण थांबवून हाडांच्या किंवा मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना हात दाखवावा, आणि त्यांना सायकलीबरोबर कटिंगच्या कामाचीही माहिती द्यावी. सीटच्या नाकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचे अंतर, सीटची आणि हँडलची जमिनीपासूनची उंची, आणि बाजूने काढलेला आपला सायकलवरचा एक फोटो पाठवलात, तर स्टेमचा आकडा मी अधिक नेमका सांगू शकेन.